राऊटर कोठें ठेवावा?

मुंबईपासून अडुसष्टएक किलोमीटरवर असलेल्या बदलापूर स्टेशनांत सकाळच्या लोकलला ज्यांना उभें राहावयासहि जागा मिळत नाहीं, त्यांना आठवड्यांतून दोन दिवस घरीं बसून काम करण्याची मुभा म्हणजे काय चीज आहे, हें निराळें सांगावयास नको. जातां सुमारें दीड तास आणि येतां तेवढाच, असा तीन तासांचा प्रवास त्या दिवशीं वाचतो. मार्च २०२० मध्यें सर्वसामान्य प्रवाशांना लोकल बंद झाली, तेव्हां एकाच छपराखालीं कचेरी आणि शाळा भरविण्याचा प्रसंग घरोघर आला. पुढें शाळा आपल्या जागीं परत गेली. कचेरीचा कांहीं भाग मात्र पुष्कळ घरांत राहून गेला. परंतु ही सवलत मोठ्या नाजूक धाग्यावर टांगलेली असते. बैठक ऐन रंगांत आली असतां पडद्यावरील चेहरे गोठतात, आवाज तुटक होतो, आणि जोडणी पुन्हा लागेपर्यंत विषय पुढें गेलेला असतो. असें दोन-चार वेळां घडलें कीं वरिष्ठांकडून सौम्य शब्दांत सूचना येते कीं, आपण प्रत्यक्ष येऊन काम केलेलें बरें.

बदलापूर पश्चिमेस सोनिवलीकडे जीं नवीं घरें उभीं राहिलीं आहेत, त्यांतील एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. दार उघडतांच दिवाणखाना, उजवीकडे स्वयंपाकघर, मधें चिंचोळी वाट, तिच्या एका अंगास न्हाणीघर, आणि सर्वांच्या मागें निजावयाची खोली. इंटरनेटची तार लावावयास आलेला मनुष्य ती जिन्यांतून आणतो, दाराच्या चौकटीजवळ एक भोंक पाडतो, आणि आंत येतांच जेथें खिळा ठोकणें सोयीचें असेल तेथें, म्हणजे बहुधा चपलांच्या कपाटावर, राऊटर टांगून निघून जातो. त्याचें काम तार पोंचविण्याचें; तें त्यानें केलेलें असतें. घरांतील सून काम करते ती मागील खोलींत, कारण दार लावून बसावें अशी तेवढी एकच जागा. दहावींतला मुलगा संध्याकाळीं दिवाणखान्यांत धडे पाहतो, आणि अंबरनाथच्या आयुधनिर्माणींतून निवृत्त झालेले आजोबा गॅलरींत बसून कीर्तन ऐकतात.

"बाबा, आज पुन्हा तीनदां कॉल तुटला," सून म्हणते. "शंभरचा प्लॅन बदलून तीनशेंचा घेऊं या का?"

"घेऊं ना. पण त्या शंभरांतले तुझ्या खोलींत किती पोंचतात तें आधीं मोजूं तर खरें."

आयुष्यभर यंत्रांवर मोजमाप केलेल्या माणसाचें हें उत्तर आहे, आणि बहुतेक घरांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. गति मंदावली कीं पहिला संशय कंपनीवर आणि पहिला उपाय अधिक दराच्या योजनेचा! वास्तविक घरापर्यंत येणारी काचतंतूची तार हा एक टप्पा, आणि राऊटरपासून हातांतल्या यंत्रापर्यंतचा हवेंतला प्रवास हा दुसरा. नगरपालिकेच्या नळाला पाणी भरपूर असलें तरी घरांतला पाइप चोंदला असेल, तर मोठी जोडणी घेऊन न्हाणीघरांतली धार वाढत नाहीं. म्हणून दोन टप्प्यांची परीक्षा निरनिराळी घ्यावयास हवी.

ती घेणें सोपें आहे. लॅपटॉप राऊटरच्या शेजारीं नेऊन तारेनें जोडावा आणि गति मोजावी. शंभरच्या योजनेंत नव्वदच्या वर आंकडा आला तर बाहेरची तार निर्दोष समजावी. मग तार काढून त्याच जागीं वाय-फायवर मोजावें, आणि पुढें एकेका खोलींत जाऊन दर ठिकाणीं दोनदां-तीनदां मोजून वहींत लिहावें. तारेवर पंच्याण्णव, दिवाणखान्यांत ऐंशी आणि मागील खोलींत सात, असा क्रम दिसला तर दोष कोठें आहे हें स्पष्ट झालें. तीनशेंची योजना घेतली असती तरी त्या खोलींतले सात सातच राहिले असते, कारण तेथें अडलेलें आहे तें लहरीचें येणें. तारेवरच गति कमी आली तर मात्र कंपनीकडे जावें. पण त्याआधीं ती जोडतार तपासावी. जुन्या किंवा खराब झालेल्या तारेंतील आठांपैकीं चारच सळया चालू असल्या तर कितीहि मोठी योजना घेतली तरी गति शंभरापुढें जात नाहीं.

आंकड्यांविषयीं एक घोटाळा येथेंच निस्तरलेला बरा. योजनेंतील शंभर हे मेगाबिट असतात, आणि फाइलीचें आकारमान मोजतात तें मेगाबाइटमध्यें. आठ बिट मिळून एक बाइट. तेव्हां शंभरच्या योजनेवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरावयाचे, त्यांत फसवणूक कांहीं नाहीं. समोरासमोर बोलण्याच्या कॉलला तर सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. केंद्र सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें ब्रॉडबँड या नांवास पात्र होण्यासाठीं जी किमान गति ठरविली तीच मुळीं दोन मेगाबिटची आहे. तत्पूर्वीं ती ५१२ किलोबिट होती. मग सात मेगाबिट पोंचत असतां कॉल तुटतो कां? तर ते सात सरासरीचे असतात म्हणून. लहर दुबळी झाली कीं मजकुराचे तुकडे वाटेंत बिघडतात, ते पुन्हा पाठवावे लागतात, आणि कोणी मधल्या वाटेवरून चालत गेलें तरी क्षणभर प्रवाह थांबतो. चित्रपट पुढचा भाग आधींच सांठवून ठेवतो, त्यामुळें त्याला हें जाणवत नाहीं. संभाषणाला सांठवण्याची सोय नसते.

आतां ही लहर एवढी दुबळी कां, हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति दीड किलोवॉट होती आणि साध्या संचावर त्याचे कार्यक्रम सुमारें तीस मैलांपर्यंत नीट ऐकूं येत. बदलापूर मुंबईपासून सरळ रेषेंत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे तीस-एकतीस मैलांवर. तेव्हां हा मुलूख त्या वर्तुळाच्या अगदीं कांठावर येतो. कांठावरच्या ऐकणाऱ्याला त्या काळीं घरावर उंच वेळू उभारून आकाशतार ताणावी लागे, दुसरी तार ओल्या जमिनींत पुरावी लागे, आणि संच कोणत्या कोपऱ्यांत ठेवावा याचा विचार करावा लागे. त्या केंद्राच्या लहरी शेंकडों मीटर लांबीच्या असल्यामुळें घरें, झाडें, भिंती यांना त्या फारशा जुमानीत नसत.

घरांतला राऊटर हाहि एक प्रक्षेपकच आहे. मात्र त्याची शक्ति साधारणतः वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि त्याची लहर इतकी आंखूड कीं ती हाताच्या बोटांनीं मोजावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटरची, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील साडेपांच-सहा सेंटिमीटरची. आंखूड लहरीवर मजकूर पुष्कळ लादतां येतो, पण अडथळ्याला वळसा घालण्याचें बळ तिला कमी. म्हणून पांचच्या पट्ट्यावर राऊटरजवळ उत्तम गति मिळते आणि दोन भिंतींपलीकडे ती नाहींशी होते. अडीचचा पट्टा मंद असला तरी लांबवर तग धरतो. दोनहि पट्ट्यांना राऊटरमध्यें निरनिराळीं नांवें देऊन कोणत्या खोलींत कोणता चांगला चालतो हें एकदां पाहून घ्यावें.

भिंतीभिंतींतहि फरक असतो. लाकडी दार आणि पातळ फळी यांचा अडथळा नांवापुरता. विटेच्या भिंतींत लहरीच्या शक्तीचा बराच भाग जिरतो. काँक्रीटच्या भिंतींत त्याहून अधिक, कारण आंत लोखंडी सळयांचें जाळें असतें. अलीकडे कित्येक मोठ्या इमारतींत आंतल्या भिंतीहि विटांच्या नसून ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेल्या असतात. अशा घरांत दोन खोल्यांपलीकडे वाय-फाय पोंचत नाहीं ही तक्रार नेहमींची, आणि तींत राऊटरचा अपराध थोडा. न्हाणीघराच्या भिंतींत नळ आणि फरशा, स्वयंपाकघरांत फ्रीज, खोलींत लोखंडी कपाट आणि त्याच्या दाराला आरसा! आरशामागें धातूचा मुलामा असतो, तेव्हां लहरीच्या दृष्टीनें तो पत्र्याचाच तुकडा. पाणी ह्या लहरी शोषून घेतें, मग तें माशांच्या काचपेटींतलें असो, भरलेल्या पिंपांतलें असो किंवा माणसाच्या देहांतलें. पावसाळ्यांत भिंतींना ओल धरते, तेव्हां त्याच भिंती लहर अधिक शोषतात. श्रावणांत वाय-फाय बिघडतें असें कोणी म्हटलें तर तें अगदींच हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. लहर भिंतीवर समोरून आदळली तर तिला भिंतीच्या जाडीइतकाच मार्ग कापावा लागतो. तिरपी गेली तर तो वाढतो. सहा इंच जाडीच्या भिंतींतून लहर तीस अंशांच्या कोनानें घुसली, तर तिला बारा इंच बांधकाम ओलांडावें लागतें. चपलांच्या कपाटावरच्या राऊटरपासून मागील खोलीकडे जी सरळ रेषा निघते, ती न्हाणीघराच्या दोनहि भिंतींतून अशीच तिरपी जाते. घराचा नकाशा कागदावर काढून पट्टीनें ही रेषा आंखली, तर राऊटर कोठें ठेवावा याचें उत्तर अर्ध्या तासांत मिळतें, आणि त्यास एक पैहि खर्च येत नाहीं.

तें उत्तर बहुतेक लहान घरांत एकच येतें: मधली वाट. जेथून जास्तींत जास्त खोल्यांचीं दारें दिसतात, तेथें राऊटर असावा. लहर भिंतीपेक्षां दारांतून जाणें पसंत करते. उंची माणसाच्या खांद्याइतकी किंवा किंचित् अधिक. जमिनीवर ठेवला तर शक्तीचा बराच भाग खालच्या मजल्याकडे जातो. टीव्हीच्या मागें, कपाटाच्या आंत, फ्रीजवर, किंवा दिसूं नये म्हणून नक्षीच्या पेटींत ठेवूं नये. घर सुंदर दिसावें ही गृहिणीची इच्छा रास्त आहे, पण दिवा झांकून उजेड मागावा असा हा प्रकार होतो. राऊटरला बाहेर काड्या असल्या तर त्या उभ्या ठेवाव्या, कारण लहर काडीच्या टोंकांतून न निघतां तिच्या अंगाभोंवतीं कड्यासारखी पसरते. दुमजली घरांत एक काडी आडवी केली तर कांहीं भाग वरच्या मजल्याकडे वळतो. चार काड्यांना चार दिशांचें तोंड करून देण्याची जी हौस दिसते तिचा उपयोग शून्य.

जागा बदलल्यावर मोजावें तें गतीबरोबर लहरीच्या शक्तीचेंहि. त्यासाठीं मोबाइलवर फुकट ॲप मिळतात. त्यांतील आंकडे ऋण असतात, म्हणून प्रथम गोंधळ होतो. ऋण ५० म्हणजे उत्तम, ऋण ६५ च्या आसपास कॉलला पुरेशी, ऋण ८० म्हणजे केवळ अस्तित्व. तीन एककें उतरलीं कीं शक्ति निम्मी, दहा उतरलीं कीं दहावा हिस्सा. ऋण ८० आणि ऋण ६० यांतील फरक कागदावर वीसाचा दिसतो, पण प्रत्यक्षांत तो शंभरपटीचा आहे.

आतां शेजारधर्माची गोष्ट. नभोवाणीच्या पहिल्या काळांत संच बाळगावयास वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागत असे. आजच्या घरगुती प्रक्षेपकाला परवाना नाहीं. जानेवारी २००५ मध्यें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीच्या यंत्रांना परवान्यावांचून खुला झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें पांचच्या पट्ट्यांतील मोठा भाग तसाच मोकळा करण्यांत आला. सोय मोठी, पण एका जिन्यावर सोळा बिऱ्हाडें असलीं तर सोळा केंद्रें एकाच वेळीं बोलूं लागतात. अडीचच्या पट्ट्यांत तेरा वाहिन्या सांगितल्या जातात, तथापि एक वाहिनी शेजारच्या दोन-तीन वाहिन्यांवर पाय पसरून बसते. एकमेकींस न शिवणाऱ्या अशा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. दोन शेजारी सहाव्याच वाहिनीवर असले तर त्यांचे राऊटर एकमेकांचें ऐकून आळीपाळीनें बोलतात. पण एकानें कांहीं शहाणपण म्हणून चौथी निवडली, तर त्याचें बोलणें सहावीवरच्याला नुसता गोंगाट होतें, आणि सहावीवरच्याचें त्याला. म्हणून ॲपमध्यें पाहून ह्या तिघींपैकीं जेथें गर्दी कमी ती निवडावी, आणि या पट्ट्यांत वाहिनीची रुंदी वीसच ठेवावी. चाळीस केली तर आपलाच संसार शेजाऱ्याच्या ओट्यावर मांडल्यासारखें होतें. पांचच्या पट्ट्यांत जागा पुष्कळ, आणि त्याची लहर भिंतीनें अडते हा दोष येथें गुण ठरतो. शेजाऱ्याचा गोंगाटहि तितकाच बाहेर राहतो. मायक्रोवेव्हची शेगडी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. ऐन दुपारीं जेवण गरम करतांना कॉल कां अडखळतो, याचें उत्तर यांत आहे.

गति वाढविण्याची डबी म्हणून बाजारांत जें मिळतें, त्याविषयीं थोडी सावधगिरी हवी. ही डबी मूळ लहर झेलून पुन्हा फेंकते. लोक ती लहर मुळींच येत नाहीं त्या खोलींत लावतात. तेथें झेलावयासच कांहीं नसल्यावर ती फेंकणार काय? ती अर्ध्या वाटेवर लावावी. तेथेंहि, ऐकणें आणि बोलणें ती एकाच पट्ट्यावर करीत असेल तर गति निम्मी होते. तीन-चार डब्यांचा एकमेकांशीं जोडलेला संच मोठ्या घराला बरा, पण त्याहून खात्रीचा उपाय जुनाच आहे: तार. टीव्हीच्या केबलसाठीं भिंतींत जी नळी घातलेली असते, तिच्यांतून जाळ्याची तार मागील खोलींत नेतां येते. विजेच्या तारांच्या नळींतून ती नेऊं नये. शंभर मीटरपर्यंत ह्या तारेंत गति घटत नाहीं. टीव्ही आणि मेजावरचा संगणक हीं बसल्या जागचीं यंत्रें तारेवर घेतलीं कीं हवा मोबाइलांना मोकळी होते. पासवर्ड मजबूत ठेवावा हें सर्वांना ठाऊक असतें, पाळतात थोडे.

काचतंतूच्या तारेला मात्र हिसके सोसत नाहींत. राऊटरची जागा बदलतांना ती तार कोपऱ्यांत काटकोनांत मुडपली तर आंतला प्रकाश तेथून गळतो आणि डबीवरील 'एल-ओ-एस' नांवाचा लाल दिवा लागतो. ती सैल वळसा घेऊन न्यावी, किंवा ती डबी दाराशींच राहूं देऊन तेथून पुढें साधी तांब्याची तार घालून राऊटर तेवढा मधल्या वाटेवर आणावा. तंतूच्या उघड्या टोंकांत डोळा घालून पाहूं नये, मुलांना तर पाहूंच देऊं नये; आंतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं, तरी तो असतो. पावसाळ्यांत गच्चीवरून तांब्याची तार आली असेल तर विजेच्या कडकडाटांत राऊटर जळण्याचा संभव असतो. काचेच्या तंतूंतून वीज वाहत नाहीं. आणि वीज गेली कीं इंटरनेट गेलें असें समजण्याचें कारण नाहीं. तार चालूच असते, राऊटर तेवढा विझतो. बारा व्होल्टची लहान बॅटरीची पेटी मिळते, ती त्याला कांहीं तास जागा ठेवते. जिन्यांतील पेटीलाहि वीज लागत असेल तर मात्र सोसायटीच्या बैठकींत विषय काढावा लागेल.

सोनिवलीच्या त्या घरांत असें झालें असें समजावें कीं, आजोबांनीं नकाशा काढला, पट्टी ठेवली, नातवाला हातीं धरून बारा मीटर तार वाटेच्या कडेनें नेली आणि राऊटर न्हाणीघराच्या पलीकडे, तिन्ही दारें दिसतील असा खांद्याच्या उंचीवर बसविला. मागील खोलींत ऋण ८१ होतें तेथें ऋण ६२ दिसूं लागलें, आणि सातांचे साठ झाले. योजना शंभरचीच राहिली.

"बाबा, मंगळवारीं अडीच तासांची बैठक झाली, एकदांहि तुटली नाहीं," सून म्हणाली.

"तें ठीक. पण रात्रीं नऊ वाजतां तारेवरसुद्धां तीसच येताहेत," आजोबा वही उघडून म्हणाले. "सहा दिवस लिहून ठेवलें आहे. आतां कंपनीला फोन लाव."